विश्वासराव जातीनं हजर राहतात

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत विश्वासराव इंगळ्यांना 'नाही' म्हणताना कोणी ऐकलेलं नाही. ऐकलं असेल त्यानं पुढे यावं, आम्ही त्याला पोहे-जलेबी खाऊ घालू. कोणाच्या घरी लग्न निघालं की विश्वासराव छातीवर हात ठेवून म्हणणार, "अहो, मी जातीनं हजर राहीन, पंगतीत स्वतः वाढीन!" कोणी आजारी पडलं, तर "दवाखान्यात मी जातीनं बसतो, तुम्ही निवांत झोपा." कोणाचा नळ फुटला, तर "उद्या सकाळी मी जातीनं उभा राहून दुरुस्त करवतो." आणि गंमत अशी की यावर कोणी भरवसा ठेवत नाही आणि कोणी रागावतही नाही. ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी घरांत ही बोलायची रीतच आहे. एकानं म्हणायचं, "मी जातीनं येतो." दुसऱ्यानं म्हणायचं, "अहो, तुम्ही कशाला त्रास घेता!" पहिल्यानं म्हणायचं, "त्रास कसला, आपलंच घर." मग दोघांनी आपापल्या घरी जायचं. मान दिला, मान मिळाला. नळ दोन दिवसांनी प्लंबर येऊन दुरुस्त करतो.

विश्वासरावांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले. हे तुम्ही विचारायची गरज नाही, ते आपण होऊन सांगतील. कोणते पणजोबा कोणत्या लढाईत पडले हेही सांगतील. दर वेळी लढाई बदलते, पणजोबा तेच असतात. स्वतः विश्वासराव एका सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं बाबू होते. तिथेही आलेल्या माणसाला त्यांनी कधी रिकामं पाठवलं नाही. प्रत्येकाला एकेक शब्द देऊन पाठवलं. त्यांच्या पत्नी सुमनताईंना स्वयंपाकघर रंगवून द्यायचा शब्द दोन हजार नऊ साली मिळाला होता. भिंती अजून तशाच आहेत. सुमनताई त्या विषयावर बोलत नाहीत, फक्त पाहुणे आले की त्यांना आधी स्वयंपाकघर दाखवतात.

निवृत्त झाल्यावर मात्र विश्वासरावांचे हाल झाले. शब्द द्यायला माणूसच मिळेना. घरात बसावं, तर मोलकरीण म्हणायची, "बाऊजी, पैर उठाओ." दिवसातून चार वेळा पाय उचलणं, हाच काय तो त्यांचा कारभार उरला. आणि अशात ती नोकरी चालून आली.

त्याचं असं झालं. तिकडे दूर दख्खनेत, समुद्राच्या अंगाला, नवनगर नावाच्या शहरापासून खारवेळ नावाच्या बंदराच्या गावापर्यंत रोजच्या नोकरदारांसाठी एक रेल्वे लाइन आहे. चौदा स्टेशनं, सकाळी जाणारे, संध्याकाळी परतणारे. ती चालवायचं कंत्राट एका कंपनीनं घेतलं. लोक तक्रारी करायला लागले, तेव्हा त्या कंपनीनं गाड्या सुधारायच्या सोडून तक्रारी ऐकायचं कंत्राट दुसऱ्या कंपनीला दिलं. दुसरीला कोणीतरी सांगितलं, तिकडे मराठी बोलणारी माणसं महाग पडतात, ग्वाल्हेरात मराठी बोलणारे स्वस्तात मिळतात. झालं! छावनीत एका टेंट हाउसच्या, म्हणजे मांडव-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या दुकानाच्या, वरच्या मजल्यावर दहा खुर्च्या मांडल्या, दहा हेडफोन टांगले, आणि चौदा स्टेशनांच्या प्रवाशांचं गाऱ्हाणं समुद्र सोडून आमच्या छावनीत यायला लागलं.

तिथली टीम लीडर गरिमा, वय पंचवीस, गल्लीतलीच पोरगी. विश्वासरावांना लहानपणापासून काका म्हणते. पहिल्याच दिवशी तिनं काकांचं नाव काढून घेतलं.

"काका, इथे सगळे जेन्ट्स अमित आणि सगळ्या लेडीज नेहा. कंपनीचा रूल आहे."

"अमित? अगं, इंगळ्यांच्या सात पिढ्यांत अमित झालेला नाही!"

"तर आता होऊन जाईल ना, उसमें क्या है. आणि ग्वालियर का नाम बिलकुल नहीं लेना. कोणी विचारलं, तर म्हणायचं, मी खारवेळ स्टेशनातून बोलतोय. आणि स्क्रीनवर जी पाच वाक्यं आहेत, तेवढीच बोलायची."

पाच वाक्यं अशी: नमस्कार, मी अमित बोलतोय. आपली तक्रार काय आहे? आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे. आपली तक्रार नोंदवली आहे. आपलं समाधान झालं का? शेवटच्या प्रश्नावर प्रवाशानं 'ठीक आहे' म्हटलं की पडद्यावरची तक्रार लालची हिरवी व्हायची, म्हणजे संपली. गाडी सुधारली की नाही, त्याच्याशी त्या हिरव्या रंगाचा काही संबंध नव्हता.

बाकीच्या अमितांना लोक त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून शिव्या घालायचे, आणि तक्रार लालच राहायची. विश्वासरावांच्या पडद्यावर मात्र महिन्याभरात नुसतं हिरवंगार शिवार झालं. पाच वाक्यांत त्यांचं काय होणार! ते म्हणायचे, "बाईसाहेब, आपण उभ्यानं प्रवास केलात हे ऐकून माझा जीव थोडा थोडा झाला." म्हणायचे, "दादासाहेब, आपल्यासारख्या माणसाला पंखा मिळू नये? मी जातीनं लक्ष घालतो!" तिकडचा माणूस शिव्या द्यायला म्हणून फोन करायचा आणि "असू द्या हो, ठीक आहे" म्हणून ठेवायचा. कंपनीनं विश्वासरावांना प्रशस्तिपत्र दिलं. त्यावर अर्थातच अमित असं लिहिलेलं होतं. तरी त्यांनी ते बैठकीत पूर्वजांच्या तसबिरीखाली लावलं.

त्यांनी ती लाइन तोंडपाठ केली. समुद्र जन्मात पाहिला नव्हता, पण मोरवंडचा फलाट डाव्या हाताला येतो, आंबेकोंडला जिना एकच आहे, खारवेळला शेवटच्या डब्यातून उतरलं की बाजार जवळ पडतो, हे सगळं ते प्रवाशांना इतक्या खात्रीनं सांगायचे की प्रवाशांना वाटायचं, गृहस्थ फलाटावरच राहतात.

अनसूयाबाई खोतांचा फोन पहिल्यांदा आला तो एका सोमवारी. बाई मोरवंडच्या शाळेत शिकवायच्या, घर खारवेळला. संध्याकाळी सहा वीसची गाडी मोरवंडला थांबते असं वेळापत्रकात छापलेलं होतं. गाडी थांबत नव्हती. कारण उघड होतं, फक्त कोणी सांगत नव्हतं: शेवटच्या स्टेशनावर उशिरा पोचली तर कंपनीला दंड बसायचा, म्हणून मधली लहान स्टेशनं गाळून ती वेळेवर पोचायची. मग बाई पावणेदोन तास फलाटावर बसून आठच्या गाडीनं घरी जायच्या.

"बाईसाहेब," विश्वासराव कळवळून म्हणाले, "आपण गुरुजन. आपल्याला फलाटावर तिष्ठत ठेवायचं म्हणजे पाप आहे. मी बघतो."

"बघा हो जरा," बाई म्हणाल्या. "ठीक आहे."

पडदा हिरवा झाला. दुसऱ्या दिवशी गाडी थांबली नाही, बाईंचा फोन आला, विश्वासराव कळवळले, बाई ठीक आहे म्हणाल्या, पडदा हिरवा झाला. असं चौदा वेळा झालं. बाई आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. उलट हळूहळू त्या विश्वासरावांची विचारपूस करायला लागल्या. "तुमचा घसा बसलाय का आज?" म्हणायच्या. विश्वासरावांना त्या फोनची सवय झाली. सहा पंचवीस झाले की ते दुसऱ्या कोणाचा फोन घ्यायचे नाहीत, आणि बाईंचा फोन दुसऱ्या अमितला लागला तर तो यांच्याकडे द्यायचा.

पंधराव्या वेळी, शनिवार होता तो, बाईंचा आवाज वेगळाच होता. त्यांची सासू पडून होती. आठच्या गाडीनं घरी पोचेपर्यंत म्हातारीला पाणी द्यायलाही कोणी नसायचं. "अमित, मला खरं सांगा," बाई म्हणाल्या, "हे कोणी ऐकतं का? की मी भिंतीशी बोलतेय?"

विश्वासरावांना भडभडून आलं. आणि असं आलं की आमचा माणूस काय म्हणतो ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

"बाईसाहेब, भिंत कसली? मंगळवारी संध्याकाळी मी जातीनं मोरवंडच्या फलाटावर हजर राहीन. मी स्वतः उभा राहून गाडी थांबवतो. बघतोच कशी थांबत नाही ती!"

छावनीतल्या कोणत्याही बाईनं यावर म्हटलं असतं, "अहो, तुम्ही कशाला त्रास घेता." आणि विषय तिथे संपला असता. पण तिकडून बाई रडक्या आवाजात म्हणाल्या, "खरंच याल? फार उपकार होतील हो."

विश्वासरावांना तेव्हाच काहीतरी खटकलं. पण पडदा हिरवा झाला होता, आणि सोमवारी सकाळी गरिमानं त्यांना काचेच्या खोलीत बोलावेपर्यंत ते विसरूनही गेले होते.

"काका, ये क्या बोल दिया आपने?" तिनं शनिवारचं बोलणं त्यांना ऐकवलं. "फलाटावर हजर राहणार? तुम्ही? ग्वालियर से?"

"अगं, असं म्हणायचं असतं," विश्वासराव हसून म्हणाले. "तुझ्या बारशालाही मी म्हटलं होतं, हिच्या लग्नात घोड्यासमोर जातीनं चालेन. तुझ्या वडिलांनी खरं धरलं का?"

"माझे पप्पा छावनीचे आहेत, काका. वो औरत ग्वालियर की नहीं है."

साठ वर्षांत विश्वासरावांच्या शब्दावर कोणी खरोखर येऊन उभं राहील असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. तरी स्वतःची समजूत घालायला ते तयारच होते. बाई शहाण्या आहेत, विसरतील, म्हणाले. गरिमानं मात्र वरच्या साहेबांना विचारून एक कागद तयार ठेवला.

मंगळवारी सहा अठराला फोन आला.

"अमित, आम्ही आलोय बरं का!" बाईंचा आवाज लग्नघरातल्यासारखा होता. "माझ्यासारखी रोज खोळंबणारी सगळी आहेत, चाळीसएक माणसं. मुख्याध्यापकांनी तुमच्यासाठी हार आणलाय. मी तर सगळ्यांना सांगितलं, आपलं ऐकणारा एक तरी माणूस आहे. तुम्ही कुठे आहात? पुढच्या बाजूला का?"

विश्वासरावांच्या खिडकीखाली टेंट हाउसचे गडी टेम्पोत खुर्च्या चढवत होते. तेवढ्यात फोनमधून खडखडाट यायला लागला, वाढत गेला, इतका की त्यांनी हेडफोन कानापासून दूर धरला. मग तो कमी झाला आणि बंद झाला.

"गेली," बाई म्हणाल्या. "थांबली नाही. तुम्ही कुठे आहात?"

गरिमानं कागद पुढे सरकवला. वाईट पोरगी नाही ती, तिचाही चेहरा उतरला होता. पण फोन रेकॉर्ड होत होता, वरचा साहेब ऐकत होता, आणि काकांनी कागद वाचला नसता तर काकांचं पाय उचलणं पुन्हा सुरू झालं असतं. विश्वासरावांनी चष्मा सारखा केला.

"आमच्याकडे अमित नावाचा कोणीही कर्मचारी नाही. आपला काही गैरसमज झाला असावा."

शब्दशः खरं होतं! त्या मजल्यावर अमित नावाचा एकही माणूस नव्हता. वाचता वाचता विश्वासरावांना हे सुचलं आणि क्षणभर बरंही वाटलं, बघा.

"आवाज तर तुमचाच आहे," बाई हळूच म्हणाल्या.

विश्वासरावांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग गरिमानं बोटानं दाखवलेलं पाचवंही वाचलं: आपलं समाधान झालं का? बाईंनी फोन ठेवून दिला. कोणी उत्तर न देता फोन ठेवला तर त्याला समाधान झालं असं धरतात. पडदा हिरवा झाला.

घरी आल्यावर विश्वासरावांनी ताटातल्या पोळीला हात लावला नाही. सुमनताईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताटच उचललं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना कंपनीला दोष दिला, गरिमाला दिला, मोटरमनला दिला, तिकडच्या लोकांना बोलण्यातली रीत कळत नाही म्हणून तिकडच्या लोकांनाही दिला.

"चाळीस माणसं उभी होती?" सुमनताईंनी विचारलं.

"हो."

"हार घेऊन?"

"हो म्हटलं ना!"

सुमनताई बैठकीत गेल्या. तसबिरीखालचं प्रशस्तिपत्र काढून त्यांनी टेबलावर उपडं ठेवलं. "तुमचे पूर्वज तिथून इथवर घोड्यावर आले म्हणता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला इथून तिथवर रेल्वेनं जाता येत नाही?"

"आता जाऊन काय उपयोग? मंगळवार होऊन गेला!"

"मला नका विचारू. माझं स्वयंपाकघर चौदा-पंधरा वर्षं वाट बघतंय, त्याला सवय आहे. त्या बाईला नाहीये."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण सुमनताई इतकं कधी बोलल्या नव्हत्या. विश्वासराव रात्रभर कूस बदलत राहिले. बुधवारी सकाळी गरिमाला फोन करून म्हणाले, मी चार दिवस येणार नाही. ती म्हणाली, काका, छुट्टी नहीं मिलेगी, नोकरी जाईल. "जाऊ दे," विश्वासराव म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर आपणच काय म्हणालो म्हणून दचकले. जाताना रिझर्वेशन मिळालं नाही. साध्या डब्यात, एका पेटीवर बसून, साठाव्या वर्षी हा सरदार दख्खनेच्या स्वारीवर निघाला.

गुरुवारी दुपारी ते नवनगरला उतरले. अंग आंबून गेलं होतं. संध्याकाळी खारवेळची गाडी लागली, तेव्हा मात्र त्यांना जरा हुरूप आला. एकेक स्टेशन यायच्या आधी ते मनात नाव घ्यायचे, आणि तेच स्टेशन यायचं. शेजारच्या माणसाला त्यांनी न विचारता सांगितलं, "आता मोरवंड. फलाट डाव्या हाताला."

"इथे थांबत नाही ही," तो म्हणाला.

"वेळापत्रकात आहे!"

"मग वेळापत्रकात उतरा," असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

विश्वासराव पिशवी घेऊन दारात उभे राहिले. फलाट आला. गाडीनं वेग जराही कमी केला नाही. पाचसहा माणसं बाकांवरून अर्धवट उठलेली त्यांना दिसली आणि तशीच परत बसलेली दिसली. एक बाई, मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेतलेली, उठलीच नव्हती. तिनं मानसुद्धा वर केली नव्हती. विश्वासरावांना दारातून ओरडावंसं वाटलं, पण तोवर फलाट संपला होता.

आंबेकोंडला ते उतरले. तिथला एकच जिना चढून बाहेर आले आणि रुळांच्या कडेच्या रस्त्यानं मागे चालायला लागले. तीन-साडेतीन किलोमीटर असेल. गुडघे बोलत होते, खारट वारा तोंडावर येत होता. समुद्र तिथेच कुठेतरी उजव्या हाताला होता, पण त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. मोरवंडला पोचेपर्यंत दिवे लागले होते. बाकीची माणसं जवळपासच्या गावांना जीप मिळेल तशी निघून गेली होती, खारवेळपर्यंत जीप जात नव्हती. बाई एकट्याच होत्या, लाल पेनानं वह्या तपासत होत्या.

"नमस्कार, बाईसाहेब."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं. समोर धुळीनं माखलेला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा.

"आवाज ओळखला मी," त्या म्हणाल्या. "अमित नावाचा कोणी नाही ना तुमच्याकडे?"

"नाहीच आहे. मी विश्वासराव इंगळे. ग्वाल्हेरहून आलो."

"ग्वाल्हेर? तुम्ही तर खारवेळ स्टेशनातून बोलायचात."

"खोटं बोलायचो. तुमची तक्रारही मी पंधरा वेळा बंद केली. तुम्ही ठीक आहे म्हणालात की ती बंद व्हायची."

बाईंनी समोरची वही मिटली. "तुम्ही इतकं गोड बोलायचात," मग त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी ठीक आहे म्हणायचे."

विश्वासरावांना खाली बघावं लागलं.

"लोक हसतात मला आता," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "वर्गातली पोरंसुद्धा विचारतात, बाई, तो माणूस आला का? हार दुसऱ्या दिवशी मारुतीला घातला. आलाच आहात, तर आता तरी खरं सांगा. उद्या थांबेल का गाडी?"

विश्वासरावांच्या जिभेवर सगळी वाक्यं रांगेनं येऊन उभी राहिली. का नाही थांबणार! बघतो कशी थांबत नाही! मी जातीनं वर जातो! साठ वर्षं तोंडात घोळलेली वाक्यं, एक पुढे ढकललं की झालं असतं. बाईही ठीक आहे म्हणाल्या असत्या.

"नाही," विश्वासराव म्हणाले. "थांबणार नाही, बाईसाहेब. मी आज आतून बघून आलोय. थांबवणं माझ्या हातात नाही, कधी नव्हतंच. पण उद्या सहा वीसला मी इथे उभा असेन. परवाही असेन. रविवारचं परतीचं तिकीट आहे, त्याच्यापुढचं मी बोलत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. मग वह्यांचा गठ्ठा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "आठची पावणेनऊला येते."